शिवेवरचे मानकरी

आदिलाबादहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल येतो. गाडी कडेला लावा आणि पुलाच्या मध्यापर्यंत चालत या. मागे तेलंगण, पुढे महाराष्ट्र. मागच्या पाट्या तेलुगू, पुढच्या मराठी. शेतं मात्र दोन्ही काठांना सारखीच, काळ्या मातीची, कापसाची आणि तुरीची. पुलावरून म्हशी हाकत येणाऱ्या एखाद्या आजोबांना हाक मारा. ते तेलंगणातले असले तरी उत्तर मराठीत येईल, आणि बोलता बोलता ते सांगतील की थोरली पोरगी नदीपलीकडे दिली आहे.

आज याच पुलावरून तुम्हाला एका परक्या शब्दाच्या मागे जायचं आहे. शब्द आहे ‘मार्क्विस’. मूळ फ्रेंच उच्चार ‘मार्की’, इंग्रजांच्या तोंडी ‘मार्क्वेस’. वेलस्ली, हेस्टिंग्ज, डलहौसी यांच्या नावामागे तो शाळेच्या पुस्तकात तुम्ही वाचला असेल आणि लॉर्डसारखाच काही किताब असेल म्हणून पान उलटलं असेल. त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे शिवेचा राखणदार. आणि तुम्ही ज्या नदीवर उभे आहात, तिला दोन राज्यांची शीव करून ठेवणारी मोठी माणसं याच किताबाची होती.

सन ८०१, पिरेनीजचा पायथा

पायाखाली चिखल आहे. हवेत बोचरी थंडी. समोर ओंडक्यांचा तट, त्यामागे घोडी, धूर आणि ओल्या लोकरीचा वास. दक्षिणेला स्पेनमधल्या मुस्लिम अमिरांचा मुलूख, उत्तरेला फ्रँकांचा राजा शार्लमेन याचं राज्य. त्याच्या मुलाने याच वर्षी बार्सिलोना जिंकून घेतलं आहे. मधल्या पट्ट्याला म्हणतात ‘मार्का हिस्पानिका’, स्पेनकडची हद्द.

रात्री समोरच्या टेकडीवर जाळ दिसतो. मेंढपाळांचा आहे की फौजेचा, हे आत्ताच ठरवायला हवं. राजाची राजधानी आखेन इथून कित्येक दिवसांच्या वाटेवर आहे. निरोप जाऊन हुकूम येईपर्यंत तट उरणार नाही. म्हणून हद्दीवरच्या सरदाराला आतल्या मुलखातल्या सरदारांपेक्षा जास्त अधिकार असतात. राजाची वाट न बघता तो फौज गोळा करू शकतो. त्याचा मान मोठा, कारण त्याची झोप कमी.

‘मार्का’ हा जर्मानिक भाषांमधला शब्द. अर्थ खूण, हद्द. फ्रेंचांनी हद्दीच्या मुलखाला ‘मार्श’ म्हटलं आणि तिथल्या सरदाराला ‘मार्की’. जर्मनांचा ‘मार्कग्राफ’ तोच, इटालियनांचा ‘मार्केझे’ तोच. डेन्मार्क या देशाच्या नावातला ‘मार्क’ही हाच. याच कुळातला फारसी शब्द ‘मर्झ’, म्हणजे सरहद्द, आणि सासानी इराणात सरहद्दीच्या सुभेदाराला म्हणत ‘मर्झबान’. ते पद आडनाव होऊन पारशांबरोबर आपल्याकडे आलं. १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान यांच्या नावात तो इराणी मार्क्विस उभा आहे.

आपल्याकडे या सगळ्याला एकच घट्ट शब्द आहे, शीव. शिवेच्या आत येतं ते शिवार. नवरदेव गावाच्या हद्दीशी आला की त्याची पूजा होते, ते सीमांतपूजन. हद्द ही आपल्याकडे पूजेची जागा आहे. हे ध्यानात ठेवून पुढच्या मुक्कामाला चला.

सन १४०२, वेस्टमिन्स्टर

दगडी सभागृहात लाकडी बाकं खचाखच भरली आहेत. जॉन बोफर्ट नावाच्या सरदाराचा मार्क्वेसचा किताब तीन वर्षांपूर्वी काढून घेतला होता. तो परत द्यावा, अशी विनंती सभासद राजाला करत आहेत. पण बोफर्टच उठतो आणि नको म्हणतो. हे नाव इंग्लंडात परकं आहे, असं त्याचं म्हणणं.

त्याचंही खरंच आहे. इंग्लंडात हा किताब पहिल्यांदा १३८५ साली दिला गेला, तो रॉबर्ट डी व्हेअर याला, डब्लिनचा मार्क्वेस म्हणून. त्यात कुठल्या हद्दीची राखण नव्हती. होती ती नुसती पायरी, ड्यूकच्या खाली आणि अर्लच्या वर.

शब्द असे झिजतात. आधी काम असतं आणि कामामुळे मान असतो. मग मान वारसाने मुलाकडे जातो आणि काम मागे राहतं. फ्रान्समध्ये सतराव्या शतकापर्यंत मार्की इतके झाले, की मोलिएरच्या नाटकांत ते हशा पिकवण्यासाठी येऊ लागले. मार्कीच्या बायकोला म्हणायचं ‘मार्कीझ’. अधिकाऱ्याच्या तंबूवरच्या कापडी छताला तेच नाव मिळालं आणि त्यातून इंग्रजीत मोठ्या शामियान्याला ‘मार्की’ हा शब्द आला. दोन्ही टोकांना निमुळता केलेला हिराही मार्कीझच. तटावरचा पहारा सोडून शब्द मांडवात आणि अंगठीत जाऊन बसला.

सन १७५१ ते १७९९, निजामाचा दरबार

आता दख्खनमध्ये या. निजाम सलाबत जंगाला गादीवर टिकवून धरणारा फ्रेंच सेनापती बुसी तुमच्यासमोर दरबारात उभा आहे. पुढे इतिहासात तो मार्क्विस द बुसी म्हणून ओळखला गेला, पण इथे त्याला मिळतात ते फारसी किताब. दरबारात किताबांची शिडीच आहे: जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह. ‘जंग’ म्हणजे लढाई. पण पुढे हा किताब कधी तलवार न उपसलेल्या हिशेबनिसांनाही मिळाला. पॅरिसमध्ये जे मार्कीचं झालं, तेच हैदराबादेत जंगचं झालं.

१ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. त्याच्या पदरी फ्रेंच अधिकाऱ्यांनी कवायत दिलेली मोठी पलटण होती. तिचा सेनापती रेमों त्याच साली मार्चमध्ये वारला होता. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी त्या पलटणीची शस्त्रं काढून घेतली. हैदराबादच्या मूसारामबाग या वस्तीच्या नावात रेमोंची आठवण अजून आहे.

हा तह घडवणारा गव्हर्नर जनरल वेलस्ली. टिपूच्या पाडावानंतर १७९९ साली त्याला मार्क्वेस केलं गेलं, पण आयर्लंडच्या सरदारांमधला. त्याला हवा होता इंग्लंडचा मान. हा किताब त्याला दोनदा मुलामा दिलेल्या बटाट्यासारखा वाटला, आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. एका शब्दावरून माणूस किती कष्टी होऊ शकतो ते पाहा. आणि त्याच माणसाच्या तहाने निजामाच्या रयतेवर कोणता बोजा पडला तेही पुढे पाहा. इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा खर्च निजामाच्या तिजोरीवर बसत गेला. अर्ध्या शतकाने त्याचं बिल वऱ्हाडाने फेडलं.

सन १८५३, पैनगंगेचा काठ

पुन्हा आपल्या नदीवर या. पूल नाही. पात्रात नावाडी, वाळूवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. कालपर्यंत दोन्ही काठ निजामाचे होते. त्याच्याही आधी, अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त माहूर सरकार वऱ्हाड सुभ्यात मोडतं, आणि माहूरचा गड पैनगंगेच्या दक्षिणेला आहे. म्हणजे ही नदी तेव्हा वऱ्हाडाच्या पोटातून वाहत होती, कडेने नव्हे.

२१ मे १८५३ रोजी हैदराबादेत तह झाला. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा थकलेला खर्च वसूल करण्यासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता डलहौसी. पंजाब घेतल्याबद्दल १८४९ साली तोही मार्क्वेस झाला होता. ‘हद्दीचा राखणदार’ हा किताब मिरवणाऱ्याच्या कारकिर्दीत एक नवी हद्द जन्माला आली. त्या कागदावर सही करायला पैनगंगेत पाय भिजवण्याची गरज कुणालाच पडली नाही.

पाय भिजले ते काठच्या माणसांचे. पुढची काही दशकं इथेच थांबा आणि नदी ओलांडणाऱ्या एका शेतकऱ्याबरोबर चाला. उत्तर काठावर त्याच्या कमरेच्या कशात इंग्रजी रुपया आहे, ‘कलदार’. दक्षिण काठावर चालतो निजामाचा ‘हाली’ रुपया. पुढे भाव ठरला तो सहा कलदारांना सात हाली असा. बहिणीला साडी घेऊन निघालेल्या भावाला हा हिशेब नदीत उभ्यानेच करावा लागतो. वर चढलं की करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. पेटी उघडा, गाठोडं सोडा. वऱ्हाडातली माणसं आता दक्षिण काठाला ‘मोगलाई’ म्हणतात. सासर मोगलाईत, माहेर वऱ्हाडात, आणि मध्ये एक नदी, जी काल निव्वळ पाण्याची होती.

नंतरचे कागदही पटकन पाहून घ्या. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. व्हाइसरॉय कर्झन. १९२१ साली तोही मार्क्वेस झाला. निजाम उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला. २७ मार्च १९२६ च्या पत्राने व्हाइसरॉय रीडिंगने त्यांना ठाम नकार कळवला, आणि त्याच वर्षी तोही मार्क्वेस झाला. रीडिंग हा लंडनच्या एका फळव्यापाऱ्याचा मुलगा. लहानपणी जहाजावर पोऱ्या म्हणून तो पहिल्यांदा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला होता. किताब फक्त जन्माने मिळत नाही, हे त्याच्याकडे पाहून कळतं. पण शीव तिथे राहणाऱ्याला विचारून ठरत नाही, हेही त्याच पत्रावरून कळतं.

१९३६ साली निजामाच्या किताबात ‘हैदराबाद आणि बेरार’ असे शब्द आले आणि युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. बेरार म्हणजे वऱ्हाड, पण तिथे एका रुपयाचाही सारा ते वसूल करत नव्हते. काम नाही, मुलूख नाही, नाव तेवढं आहे. पाच शतकांपूर्वी बोफर्टने जे नको म्हटलं, ते इथे समारंभाने स्वीकारलं गेलं.

सन १९४३, मार्लवाई

आता नदी सोडा आणि दक्षिणेला उटनूरच्या डोंगरांत चढा. सागाची पानं पायाखाली वाजतात. इथेही किताब आहेत. परगण्यावर वंशपरंपरेने अंमल असलेल्या गोंड घराण्यांना ‘मोकाशी’ म्हणतात, गावच्या प्रमुखाला ‘पटला’, वंशकथा गाणाऱ्याला ‘परधान’. मोकाशी हा शब्द आपल्याही ओळखीचा. मोकासा म्हणजे फौजेच्या चाकरीसाठी किंवा इनाम म्हणून दिलेली गावं, नाहीतर वसुलातला वाटा. तोही मुळात कामाचाच शब्द.

पण मोकाशाची हद्द आता त्याची राहिलेली नाही. जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि त्या गोंडांच्या शेतांतून, कधी घरांतून गेल्या. काल पेरलेलं रान आज सरकारी. याविरुद्ध कोमरम भीम उठला आणि १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. जल, जंगल, जमीन ही त्याची मागणी आजही या जिल्ह्यात घोषणा म्हणून दिली जाते.

मार्लवाईत एक उंच गोरा माणूस जमिनीवर मांडी घालून गोंड म्हाताऱ्यांचं ऐकतो आहे. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ, जन्म व्हिएन्ना, १९०९. घराणं सरदारांचं. पण ऑस्ट्रियाने १९१९ साली कायदा करून सगळे किताब रद्द केले, तेव्हा तो शाळकरी पोर होता. उठाव का झाला, हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने त्याला इथे पाठवलं. त्याने जमिनीच्या पट्ट्यांसाठी पाठपुरावा केला आणि मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र सुरू झालं. त्या केंद्राची गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली, कारण लिहितं-वाचतं होण्याची इथली जुनी वाट मराठीतून जाणारी होती. १९४८ साली या गोंडांवर त्याने लिहिलेलं पुस्तक आलं. त्याची पत्नी बेटी १९८७ साली हैदराबादेत वारली. तिची समाधी मार्लवाईत आहे. नवऱ्याचा किताब कायद्याने गेला, पण गावाने दोघांना आपल्या शिवारात जागा दिली.

वेशीबाहेरची वाट

या प्रवासात एक मुक्काम असा आहे, ज्याला मी साल देत नाही. कारण तो शतकानुशतकं चालला. कुठल्याही मराठी गावाच्या शिवेवर उभे राहा. दोन गावांत तंटा लागला आहे. बांधाचा दगड कुणी हलवला, ओढा कुणाचा, यावरून काठ्या निघाल्या आहेत. पाटील, कुलकर्णी, दोन्हीकडची जाणती माणसं, सगळे गप्प होतात आणि एका माणसाला पुढे करतात. गावचा महार, वेसकर. तो चालू लागतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याने ही हद्द पायांनी ओळखलेली असते. तो चालेल ती शीव, असा संकेत. त्याचा शब्द दोन्ही गावं मानतात.

त्याच्या मागे चालून पाहा. रात्रीची गस्त त्याची. वेशीवर परक्याला हटकायचं त्याने. हद्दीची साक्ष त्याची. पिरेनीजच्या तटावर तुम्ही जे काम पाहिलं, तेच हे काम. तिकडे या कामाबद्दल माणसाला मार्की केलं, राजाच्या पंक्तीला बसवलं. इकडे या कामाबद्दल बलुतं दिलं, आणि सूर्य मावळल्यावर त्याला त्याच वेशीबाहेर ठेवलं, जिची तो राखण करत होता. ज्याच्या साक्षीशिवाय गावाला हद्द नव्हती, त्याला गावात पाणी नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते या बेड्या तोडण्यासाठी. मान न देता काम घेणारं ते वतन माणसाला गुलाम करत होतं.

किताबांचा सगळा इतिहास मला या एका तुलनेत दिसतो. काम मोठं होतं म्हणून मान मिळाला, हे युरोपातही थोडाच काळ खरं होतं आणि आपल्याकडे कधीच खरं नव्हतं. आपण कामाचा कस पाहिला नाही, करणाऱ्याची जात पाहिली.

सन १९५६, आणि आज

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या १८व्या कलमाने सरकारला किताब देण्याची बंदी केली. जंग, दौला, मार्क्वेस सगळे त्या दिवशी इतिहासजमा झाले. शिवा मात्र राहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके मुंबई राज्याकडे आले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि त्यातली मराठी गावंही तिकडेच राहिली. २ जून २०१४ रोजी तेलंगण झालं, ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. पैनगंगेच्या काठच्या मराठी घरांनी या सगळ्या काळात उंबरा बदलला नाही. त्यांच्याभोवती राज्यं बदलत गेली.

पूर्वेला डोंगरांत, जिवती तालुक्यापाशी, काही गावांवर आजवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला आहे. तिथे अनेकांनी दोन मतदार ओळखपत्रं आणि दोन शिधापत्रिका बाळगल्या, शाळाही दोन्ही सरकारांच्या आल्या. त्यांपैकी दोन गावांची नावं वाचा: मुकदमगुडा आणि महाराजगुडा. जुने किताब अजून नांदताहेत, ते वाड्यांत नव्हे, अशा पाड्यांच्या नावांत.

आता पुलावर परत या. आजोबा अजून तिथेच आहेत. ते घरी मराठी बोलतात, बाजारात तेलुगू, डोंगरातल्या गोंड मित्राशी थोडं गोंडी. त्यांचा नातू सकाळी तेलुगू पाटी वाचतो आणि संध्याकाळी आजीकडून मराठी कहाणी ऐकतो. शीव राखणं म्हणजे दुसऱ्याला अडवणं, असं आपल्याला वाटतं. इथली माणसं ती दुसऱ्या पद्धतीने राखतात. दोन्हीकडचं नातं तुटू देत नाहीत. या कामाला कुणी किताब दिलेला नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकाला माझी एक विनंती आहे. आदिलाबादेत, बेल्यात किंवा जैनदमध्ये कुणी तुमच्याशी मराठीत बोललं, तर “तुम्ही इकडे मराठी कसे?” असं विचारू नका. तिथल्या मराठी शाळांत मुलं टिकावीत म्हणून पुस्तकं पाठवा, तिथल्या लिहिणाऱ्यांना आपल्या अंकांत जागा द्या, आणि जमलं तर चार वाक्यं तेलुगूची शिका. पैनगंगेवरची ही शीव १८५३ सालची आहे. तिच्या दोन्ही काठांवरची मराठी तिच्यापेक्षा जुनी आहे.